घरच्या शाळेचा खर्च कोणाच्या पदरी?

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्ययन-अक्षम मुलाचे घरच्या घरी शिक्षण, हा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशाला, असा प्रश्न काही मित्रांनी विचारला आहे. त्यांचे म्हणणे असे की, हा पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतला प्रश्न. तेथे आईला वेळ असतो, वडिलांना पगार असतो, समुपदेशक हाकेच्या अंतरावर असतो, आणि मूल शाळेत रमले नाही तर त्याला घरी ठेवणे परवडते. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला आणि विडी वळणाऱ्या बाईला मजुरी, घरकुल आणि पाणी यांतून मान वर काढायला फुरसत नाही. तिच्यापुढे हा विषय मांडून काय साधणार?

शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तरही प्रामाणिकपणे द्यावयास हवे. वाचनाची, लेखनाची किंवा गणनाची ही अडचण मेंदूच्या जडणघडणीतून येते, आणि ती जात वा वर्ग पाहून येत नाही. पण तिच्यापायी मुलाचे पुढे काय होते, ते मात्र वर्ग पाहूनच ठरते. सुखवस्तू घरातील मुलाला ‘डिस्लेक्सिया’ असतो. कामगाराच्या घरातील मूल ‘ढ’ असते. पहिल्याला तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मिळते, दुसऱ्याला चहाच्या टपरीवर काम मिळते. दोघांची अडचण एकच. फरक आहे तो बापाच्या खिशाचा. विषमतेचा हा प्रकार आपल्या विषयपत्रिकेवर नसेल तर दुसरा कोणता असावा?

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी कोणत्याही व्यवस्थेला एक साधा प्रश्न विचारतो: खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा? मूल शाळेतून घरी परतले म्हणजे त्याच्या शिक्षणाचा खर्च नाहीसा होतो, की तो दुसऱ्या कोणाच्या पदरी पडतो? आजच्या भाषणात मी या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा बुद्धिमान होता, अंकगणितात तरबेज होता, पण अनेक वर्षे शिकूनही त्याला वाचता येत नव्हते. त्याला शिकविणाऱ्या मास्तरांचे मत असे की, सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता. पुढे १९६३ साली सॅम्युअल कर्क या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने अशा मुलांसाठी ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा रूढ केली. आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत हिला स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले, तेव्हा कोठे ‘विशिष्ट अध्ययन-अक्षमता’ या नावाने तिची नोंद झाली. मॉर्गनच्या लेखापासून आपल्या कायद्यापर्यंत बरोबर १२० वर्षे लोटली. या काळात आपल्या किती पिढ्यांतील किती मुले ‘ढ’ म्हणून गिरणीत, मागावर, शेतात गेली, त्याचा हिशेब कोणाकडेही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे शाळकरी वयाच्या मुलांत हे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा असते. चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते सहा मुले! म्हणजे ही अपवादाची गोष्ट नव्हे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असा कोणीतरी मागच्या बाकावर बसत होता.

‘ढ’ या शब्दाविषयी जाता जाता सांगतो. ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरांची वळणे कालांतराने पार बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होते तसेच राहिले, म्हणून ज्याची प्रगती होत नाही त्याला ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यातला विचार मात्र तपासण्यासारखा आहे. मूल बदलत नाही, हा दोष मुलाचा मानला गेला. शिकविण्याची रीत बदलली नाही, हा दोष कोणी कोणाच्या माथी मारला नाही.

आता मराठीकडे या. आपली लिपी उच्चारानुसारी आहे म्हणून सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण अक्षमता असलेल्या मुलाच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहा. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी लिहावयाची आधी आणि उच्चारावयाची नंतर. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत फरक एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा. त्यावर जोडाक्षरे. असे मूल कष्टाने अक्षर लावते, पण त्याचा वेग इतका मंद असतो की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत आरंभ विसरलेला असतो. शिक्षकाला वाटते, वाचता तर येते, मग आळशीच असला पाहिजे.

अंकांची गोष्टही तशीच. लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर; म्हणताना ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी. ‘एकोणतीस’ लिहिताना तिसाचा पत्ता नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे संख्यावाचन पर्याय म्हणून आणले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली हे आपणांस आठवत असेल. त्या विषय-समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी आपली भूमिका शांतपणे मांडली: जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात. ज्यांना पाढे विनासायास आले, त्यांनी ज्यांना ते येत नाहीत त्यांच्या वतीने मिळू पाहणारी सवलत हसण्यावारी नेली. बहुमताने कोणाच्या अडचणीची चेष्टा करावी, ही काही लोकशाही नव्हे.

सोलापुरात याच्या भरीला भाषेचा प्रश्न आहे. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात. कर्नाटकाला लागून असलेल्या तालुक्यांत कन्नड. अनेक घरांत उर्दू किंवा दखनी. घरी एक, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा, असे ओझे घेऊन सहा वर्षांचे मूल पहिलीत बसते. ते अडखळले तर कारण भाषा परकी हे, की अक्षमता? हे ओळखावयाचे तर चाचणी मुलाच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी अशी चाचणी तयार केली; आरंभी ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत होती. तेलुगू त्यांत नव्हती. पुढे भाषांची भर पडली. परंतु चाचणी अस्तित्वात असणे वेगळे आणि ती पद्मशाली विणकराच्या मुलापर्यंत पोचणे वेगळे. परिणाम दुहेरी होतो. निव्वळ तेलुगू बोलणारे निरोगी मूल ‘मंद’ ठरते, आणि खरोखर अडचण असलेले मूल ‘भाषा येत नाही, येईल हळूहळू’ असे म्हणत चौथीपर्यंत ढकलले जाते.

आता मूळ मुद्दा. ही मुले घरी कशी येतात? घरी शिकणाऱ्या मुलांचे मला तीन प्रकार दिसतात आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत.

पहिला प्रकार निवडीचा. आईवडील विचारपूर्वक मुलाला शाळेतून काढतात, स्वतः शिकवितात, शिक्षक ठेवतात, आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या किंवा आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला बसवितात. अशा पालकांना शत्रू समजण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. इव्हान इलिच यांनी १९७१ साली शालेय व्यवस्थेवर जो हल्ला चढविला, जॉन होल्ट यांनी मुले का नापास होतात याची १९६४ साली जी चिकित्सा केली, ती वाचून आपल्या चळवळीतील अनेकजण अंतर्मुख झाले होते. शाळा मुलाच्या कुतूहलाचा बळी घेते, सर्वांना एका मापाने मोजते, हा त्यांचा आरोप अध्ययन-अक्षम मुलाच्या बाबतीत तर शब्दशः खरा ठरतो. घरी त्याला हवा तितका वेळ मिळतो, कोणी हसत नाही, तोंडी उत्तर चालते. मुक्त विद्यालयाच्या परीक्षेत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडविता येतो. अशा मुलाला ही मोठीच सोय आहे. पण त्यासाठी घरात एक शिकलेले आणि रिकामे माणूस लागते. रवींद्रनाथ टागोर शाळेत रमले नाहीत, घरीच शिकले, हे उदाहरण नेहमी देतात. ते घर जोडासांकोचा वाडा होता आणि तेथे विषयागणिक शिकविणारे येत होते, हे सांगावयाचे राहून जाते.

दुसरा प्रकार कायद्याने दिलेला. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. जे मूल अंथरुणाला खिळले आहे त्याच्या दाराशी शिक्षकाने जावे, हा विचार योग्यच आहे. मात्र या तरतुदीत केवळ अध्ययन-अक्षमता असलेले मूल बसत नाही. आणि बसूही नये, कारण ते चालते, बोलते, खेळते, त्याला शाळेत येण्यापासून अडविणारे त्याच्या शरीरात काहीच नाही.

तिसरा प्रकार हाच आपला खरा विषय. ही मुले कोणी निवडून घरी ठेविलेली नसतात, कायद्याने त्यांना घर दिलेले नसते. शाळा त्यांना हळूहळू नकोशी करते आणि ती घरी उरतात. कायद्याप्रमाणे मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पण रोज फळ्यासमोर उभे करून हसता येते, वही भिरकावता येते, ‘याला घरीच शिकवा, आमच्याने होणार नाही’ असे पालकसभेत चारचौघांदेखत सांगता येते. अशा मुलाचे नाव पटावर राहते. शासनाच्या दृष्टीने ते शाळेत आहे. घरच्यांच्या दृष्टीने ते घरी आहे. शिक्षणाच्या दृष्टीने ते कोठेच नाही.

पूर्व भागातील एका विडी कामगार भगिनीची हकिगत मला ठाऊक आहे. नावगाव सांगत नाही. मुलगा चौथीत. पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे मोजून किती झाले, मुकादमाने किती छाट काढली, किती भरपाई करावी लागेल, हे तोंडी बिनचूक सांगतो. पुस्तकातील चार ओळी मात्र वाचता येत नाहीत. शाळेतला जाच सोसेना तसा तो घरी राहू लागला. या भगिनी म्हणाल्या, “सर, पोराने शाळा सोडली नाही, शाळेने पोराला सोडले.” मग घरी शिकवायचे ठरले. आई स्वतः तिसरी शिकलेली. ती जवळ बसवून मुळाक्षरे घेई, पण हात विडीवरून उचलला की मजुरी थांबे. म्हणून ते काम नववीतल्या बहिणीकडे आले. तिने मनापासून शिकविले. सहामाहीला तिची स्वतःची हजेरी निम्म्यावर आली होती.

या घराचा हिशेब मांडू. समजा हजार विड्या वळावयास दहा तास लागतात. अशा मुलाला आठवड्यातून एकदा शिकवून भागत नाही; रोज, एकट्याला, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे शिकवावे लागते. रोजचे दोन तास धरले तर दोनशे विड्या कमी, म्हणजे मजुरीचा पाचवा हिस्सा गेला. जो खर्च शासनाने शिक्षकाच्या पगाराच्या रूपाने करावयाचा, तो आधी आईच्या मजुरीतून वसूल झाला, आणि तेथे भागेना तेव्हा बहिणीच्या शिक्षणातून. पुस्तकात आम्ही याला ‘संधी-खर्च’ म्हणतो. अर्थसंकल्पात त्याचे लेखाशीर्ष नसते, कारण तो बाईच्या हातांनी आणि मुलीच्या भवितव्याने चुकता होतो. घरचे शिक्षण फुकट आहे असे जो म्हणतो, त्याच्या लेखी बाईच्या वेळेला किंमत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, पूर्वी सारे घरीच तर शिकत होते. होय; पण काय शिकत होते? ज्याच्या घरी पोथी होती तो पोथी शिकला, ज्याच्या घरी माग होता तो माग शिकला, ज्याच्या घरी झाडू होता त्याच्या हाती झाडूच आला. आपल्या समाजात घर हेच जातीच्या धंद्याचे विद्यालय होते. म्हणूनच बहुजनांच्या दृष्टीने शाळा म्हणजे घराबाहेर पडण्याचा दरवाजा होता. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा गहजब झाला, कारण मुलगी उंबरठा ओलांडत होती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्याचा गाभा अर्थशास्त्रीयच होता: कराचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. एवढ्या झगड्यातून उघडलेला दरवाजा एका मुलासाठी गुपचूप बंद होत असेल, तर ‘त्याला घरी जास्त बरे वाटते’ या गोड शब्दांवर आपण समाधान मानावयाचे काय?

घर म्हणजे काय याचा अनुभव सर्वांनी एकदा घेतलेला आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रातील पहिलीच्या मुलांसाठी त्या डिसेंबर २०२१ मध्ये उघडल्या. या काळात प्रत्येक मूल घरी ‘शिकत’ होते. ज्या घरात स्वतंत्र खोली, फोन आणि शिकलेली आई होती तेथे शिक्षण चालले; ज्या घरात एका खोलीत माग, चूल आणि सहा माणसे होती, तेथे ते थांबले. घर समान नाही. म्हणून घरावर सोपविलेले शिक्षणही समान असू शकत नाही.

मग मार्ग कोणता? त्यासाठी दूर जावयास नको, आपल्या शहरातील कामगार चळवळीकडेच पाहू. एके काळी विडी मालक म्हणत, बाई तिच्या घरात विड्या वळते, ती आमची कामगार कशी? घर तिचे, वेळ तिचा, आमचा संबंध फक्त मालाशी. या युक्तिवादाविरुद्ध देशभरच्या विडी कामगारांनी लढा दिला आणि १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मान्य केले की, घरी बसून काम करणारी बाई हीसुद्धा कामगार आहे. तिच्याबद्दलची जबाबदारी मालकाला झटकता येणार नाही. काम उंबरठ्याच्या आत गेले म्हणून मालकाची जबाबदारी उंबरठ्याबाहेर थांबत नाही. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया या तत्त्वासाठी मोर्चे काढीत मोठ्या झाल्या. त्यांच्याच संघटनेच्या बळावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली ती कामगारांच्या हवाली झाली.

मी एवढेच सांगतो की, हेच तत्त्व शिक्षणाला लावा. शिक्षणहक्क कायद्यातील ‘सक्तीचे’ हा शब्द पालकावरील सक्ती सांगत नाही. शासनाने प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होण्याची हमी द्यावयाची, असा त्याचा अर्थ कायद्यातच दिला आहे. मूल घरी बसले म्हणून ते बंधन संपत नाही. घरी काम करणारी बाई मालकाची कामगार असेल, तर घरी शिकणारे मूल हे शासनाचे विद्यार्थी आहे.

शाळेने मुलाकडे जाण्याची परंपराही महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, त्या याच विचाराने. मूल गैरहजर असेल तर ठपका मुलावर ठेवावयाचा नाही, व्यवस्थेने दोन पावले पुढे जावयाचे, हा त्या कामाचा धडा होय. आणि पद्धतीच्या बाबतीत आपण फार दरिद्रीही नाही. अध्ययन-अक्षम मुलांना एकाच वेळी डोळा, कान आणि हात यांचा उपयोग करून शिकवावे, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. वाळूत बोटाने अक्षर काढावे आणि मोठ्याने उच्चारावे, ही त्यातली एक युक्ती. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी दुसरे काय होती? छडी तेवढी टाकून द्यावयाची. धूळपाटी परत आणावयास हरकत नाही.

अडचण आहे ती माणसांची. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण मान्य केले. ७ मार्च २०२५ रोजी त्याच प्रकरणात राज्यांना पदे जाहीर करून भरण्यास सांगावे लागले, यावरून मधल्या साडेतीन वर्षांत काय झाले ते समजावे. महाराष्ट्रात हे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर राबत होते. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने त्यांच्यासाठी ४,८६० पदे निर्माण केली, ती केंद्रामागे एक या हिशेबाने. एका केंद्रात अनेक शाळा असतात. दहा मुलांमागे एक शिक्षक कोठे आणि अनेक शाळांमागे एक कोठे! ज्याला स्वतःला उद्याची शाश्वती नव्हती, त्याच्याकडून आपण मुलाला आत्मविश्वास देण्याची अपेक्षा करीत आलो. शिक्षकाच्या नोकरीचा प्रश्न आणि मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न वेगळे नाहीत, हे कामगार संघटनांनी ध्यानी घ्यावे.

आता आपण काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो, कारण कृतीवाचून अभ्यासवर्ग म्हणजे निव्वळ करमणूक.

पहिले काम शोधण्याचे. ४ जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने शिक्षकांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, प्रत्येक मुलाची प्राथमिक पाहणी करावी, असे घालून दिले होते. आपल्या वस्तीतील शाळेत अशी पाहणी कधी झाली, हे विचारणारा कोणी हवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या जागा केवळ सहीपुरत्या राहू नयेत. पटावर नाव असून घरी असलेल्या मुलांची यादी कार्यकर्त्यांनी गल्लीनिहाय करावी. शासनाचा पट आणि आपली यादी शेजारी ठेवली की बोलावयाचे फारसे उरत नाही.

दुसरे काम प्रमाणपत्राचे. प्रमाणपत्रावाचून दहावीला जादा वेळ नाही, लेखनिक नाही, भाषेची सवलत नाही. त्यासाठी रुग्णालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीला एक खाडा पडतो. तपासणीची शिबिरे कामगार वस्तीत, सुटीच्या दिवशी, मुलाच्या भाषेत व्हावीत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तिसरी मागणी खर्चाची. जे मूल खरोखरच काही काळ घरी शिकणे हिताचे आहे, त्याच्या घरी विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी आलाच पाहिजे. आणि जी आई त्यासाठी काम सोडते तिला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळाली पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीव्र अपंगत्वाच्या मुलांसाठी घरच्या शिक्षणाचा पर्याय ठेवताना त्याच्या परिणामकारकतेचे लेखापरीक्षण करण्याचे म्हटले आहे. ते लेखापरीक्षण या तिसऱ्या प्रकारच्या मुलांनाही लागू करा आणि त्यात आईचे तास मोजा, असे आपण म्हणावे.

चौथे काम मात्र कोणाकडे मागावयाचे नाही. आपली युनियनची कार्यालये संध्याकाळी रिकामी असतात. तेथे सुशिक्षित तरुणांनी रोज तासभर दोन-तीन मुलांना घेऊन बसावे: वाचून दाखवावे, तोंडी विचारावे, धूळपाटीवर गिरवून घ्यावे. याने शासनाची जबाबदारी संपत नाही, आणि आपणही ती संपू देऊ नये. पण कायदा हलेपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. त्या नववीतल्या मुलीला आपल्या वर्गात परत पाठविण्यापुरता तरी आधार आपण देऊ शकतो.

मित्रहो, घरी शिकविणे चांगले की वाईट, या वादात मला रस नाही. ज्याला शाळेचा दरवाजा उघडा आहे आणि तरी जो घर निवडतो, त्याचे स्वातंत्र्य आपण मान्य करू. पण ज्याच्यापुढे दरवाजा बंद झाला आहे त्याच्या घरी बसण्याला निवड म्हणणे ही फसवणूक आहे. शाळा अशी झाली पाहिजे की चौथीतल्या त्या मुलाला तोंडी उत्तर देण्याची लाज वाटणार नाही. आणि तोवर त्याचे घर शाळा होणार असेल, तर त्या शाळेचा खर्च विडी वळणाऱ्या हातांनी का द्यावा, हा प्रश्न आपण महापालिकेच्या सभागृहापासून विधानसभेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे. ते काम आपल्यावाचून दुसरे कोणी करील असे मला वाटत नाही.